कमी दिवसांच्या बाळाला हात कसा लावायचा: वजन वाढावं म्हणून स्पर्श आणि मालिश, टप्प्याटप्प्याने

फॉलोअपला बाळ येतं, काट्यावर ठेवलं की कळतं आठ दिवसांत जेमतेम चाळीस ग्रॅम वाढलंय. आई रडकुंडीला आलेली, आणि सोबतची आजी ठामपणे सांगते, "रोज तासभर मालिश होते हो सिस्टर, त्यात काही कमी नाही." मी मनात म्हणते, तिथेच तर गडबड आहे आजी.

एनआयसीयूत, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात, बारा वर्षं झाली मला. डिस्चार्ज देताना आम्ही मालिश शिकवतो, आई मान डोलावते, आणि घरी गेल्यावर मालिश, आंघोळ, धुरी, शेक असं सगळं पॅकेज सुरू होतं कारण घरातल्या बाकी सगळ्या पोरांना तेच केलेलं असतं. पण ती पोरं तीन किलोची होती. दीड-दोन किलोचं बाळ तासभर उघडं राहिलं की प्यायलेलं दूध अंग गरम ठेवण्यातच जळतं, वाढायला उरत नाही.

स्पर्शाने वजन वाढतं हे खरंय. अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञ टिफनी फील्ड यांच्या १९८६ च्या अभ्यासात १५ मिनिटांची मालिश दिवसातून तीनदा, दहा दिवस केली, आणि दूध तेवढंच असूनही मालिशवाल्या बाळांचं रोजचं वजन ४७ टक्के जास्त वाढलं. हा आकडा सगळीकडे फिरतो म्हणून सांगते, त्यानंतरचे बरेच अभ्यास एकत्र करून बघितले तेव्हा फरक साधारण रोज ५ ग्रॅमचा निघाला, आणि त्यातले काही अभ्यास कच्चे होते असंही परीक्षण करणाऱ्यांनी म्हटलंय. तेव्हा चमत्काराची वाट बघू नका. पण दीड किलोच्या बाळाला रोजचे ५ ग्रॅम म्हणजे महिन्याला दीडशे, ते कोण सोडेल.

## आधी हे विचारून घ्या

डिस्चार्जच्या वेळी किंवा पुढच्या फॉलोअपला डॉक्टरांना हे प्रश्न विचारा, उत्तरं फाईलवर लिहूनच घ्या कारण घरी आल्यावर प्रत्येकाला वेगळं आठवतं.

- मालिश सुरू करायची का, आणि कधीपासून? साधारणपणे गर्भाचे दिवस धरून ३२ आठवडे पूर्ण झाले आणि बाळ स्टेबल असलं की विचार होतो. म्हणजे ३० व्या आठवड्यात जन्मलेलं बाळ दोन आठवड्यांचं झालं की ३२ चं. त्याआधी फक्त हात ठेवायचा, फिरवायचा नाही.
- हाडं कच्ची आहेत का? लवकर जन्मलेल्या बाळांत कॅल्शियम-फॉस्फरस कमी पडून हाडं ठिसूळ राहू शकतात, रक्त तपासणीत ते कळतं. अशा बाळाचे हातपाय वाकवायचा व्यायाम डॉक्टर हो म्हणेपर्यंत बंद.
- हर्निया आहे का, पोटाचं काही ऑपरेशन झालंय का, ऑक्सिजन घरी सुरू आहे का?

थांबा: ताप, सर्दी, जुलाब, अंगावर पुरळ किंवा पू, श्वास जोरात चाललाय, दूध नीट पीत नाही, यातलं काहीही असेल तर त्या दिवशी मालिश नाही. लस दिल्यावर त्या मांडीला दोन दिवस हात लावू नका. काविळीसाठी निळ्या लाईटखाली ठेवलंय तेव्हा तेल अजिबात नको.

## १. तयारी

इथेच निम्मं काम होतं आणि इथेच सगळे घाई करतात.

खोली. पंखा, एसी बंद, खिडकी लावलेली, २६ ते २८ डिग्री. थर्मामीटर नसेल तर सोपी खूण सांगते, बिनबाह्यांच्या कपड्यात तुम्हाला किंचित उकडायला हवं. डिसेंबरमध्ये नाशिक-पुण्याकडे सकाळी सातला मालिश करायची नाही म्हणजे नाही, दुपारी ऊन आत आलं की करा.

वेळ. दूध पिऊन ४५ मिनिटं ते तासभर झालेला हवा. लगेच केलं तर उलटी होणार, आणि फार उशीर केला तर बाळ भुकेने रडायला लागतं. दर दोन-तीन तासांनी पाजायचं असतं त्यामुळे मधली फट छोटीच असते, ती घड्याळ लावून धरा. गाढ झोपलेल्या बाळाला मालिशसाठी उठवायचं नाही. झोपेतच ते वाढतं.

हात. अंगठ्या, बांगड्या, घड्याळ, मनगटावरचे दोरे सगळं काढा, नखं कापा, कोपरापर्यंत साबणाने धुवा आणि पूर्ण कोरडे करून एकमेकांवर चोळून गरम करा. सॅनिटायझर लावला असेल तर वाळू द्या. घरातल्या ज्याला सर्दी-खोकला असेल त्याने आज सुट्टी घ्यायची, मग ती आजी का असेना.

तेल. तेलाशिवायही मालिश होते हे आधी लक्षात घ्या. वापरायचंच तर साधं, वास नसलेलं, खायचं खोबरेल. सायनच्या पालिका हॉस्पिटलमधल्या डॉक्टरांचा २००५ चा अभ्यास आहे, त्यात खोबरेल लावलेल्या कमी दिवसांच्या बाळांचं वजन मिनरल ऑइल (खनिज तेल) लावलेल्यांपेक्षा जास्त वेगाने वाढलं. मोहरीचं आणि ऑलिव्हचं तेल नको, त्यांनी कोवळ्या कातडीचं वरचं संरक्षण बिघडतं. "बदाम-केशर बेबी ऑइल" गिफ्टमध्ये आलं असेल तर तुम्ही लावा. नवीन बाटली असेल तर आधी पोटरीवर रुपयाएवढ्या जागेत लावून एक दिवस बघा, लाल झालं तर ते तेल बाद. अर्धा छोटा चमचा पुरतो. वाटी गॅसवर ठेवायची नाही, तळहातावर घेऊन चोळलं की तेवढं गरम बास.

मांडणी. पलंगावर किंवा जमिनीवर जाड दुपटं, वर मऊ सुती कापड, हाताशी टोपी, पायमोजे, एक कोरडा लंगोट किंवा डायपर, पांघरायला गरम केलेलं दुपटं. सगळं आधी मांडा. अर्ध्यात उठून लंगोट शोधायला गेलात की बाळ उघडं पडतं, आणि लक्षात ठेवा, ते पलंगावर एकटं राहता कामा नये, एक मिनिटही.

तपासा: बाळाचे तळपाय आणि पोट दोन्ही हाताच्या मागच्या बाजूने बघा. दोन्ही कोमट असतील तर पुढे जा. पाय गार आणि पोट कोमट असेल तर बाळाला गारठा लागतोय, आधी छातीशी घ्या. दोन्ही गार असतील तर मालिश विसरा, बाळ गरम करा आणि काखेत थर्मामीटर लावा, ३६.५ ते ३७.५ सेल्सिअस असायला हवं.

## २. आधी छातीशी, मग मालिश

खूप जण हा टप्पा वेगळा समजतात, कांगारू केअर, म्हणजे बाळाला उघड्या छातीशी धरणं, हॉस्पिटलात झाली, आता घरी मालिश. असं नाही. छातीशी घेणं हाच मुख्य स्पर्श आहे, मालिश त्याच्या जोडीला. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या शिफारशीत दिवसाचे ८ ते २४ तास म्हटलंय. एकसलग नाही जमलं तरी एका बैठकीला किमान तासभर तरी, कारण बाळाला गाढ झोप लागायलाच तेवढा वेळ जातो आणि मधेच उचललं की सगळा फायदा गेला.

बाळाला फक्त लंगोट, टोपी, मोजे. तुमच्या दोन स्तनांच्या मधे उभं, पोट तुमच्या अंगाला, हातपाय बेडकासारखे दुमडलेले, डोकं एका बाजूला वळवलेलं आणि हनुवटी किंचित वर, म्हणजे श्वासाची नळी मोकळी राहते. वरून सुती साडी किंवा ओढणी गुंडाळून बांधा, वरची कड बाळाच्या कानाखाली. तुम्ही मागे टेकून बसा, सपाट झोपू नका.

बाबांनाही येतं हे. मागच्या पावसाळ्यात एक रिक्षावाले बाबा यायचे, बायको सिझेरियनमुळे अजून वॉर्डातच होती. पहिल्या दिवशी शर्टाची बटणं उघडताना त्यांची बोटं थरथरत होती, बाळ १४२० ग्रॅमचं. छातीवर ठेवलं तर त्यांच्या एका तळहातात बाळाची अख्खी पाठ झाकली गेली. दहा मिनिटांत बाळाच्या मुठी सुटल्या. ते बाबा हलायलाच तयार नाहीत, पाठ अवघडली तरी तसेच बसले, शेवटी मी म्हटलं दादा, उशी तरी घ्या.

## ३. हात ठेवा आणि थांबा

माझं ऐकायचं तर हा सगळ्यात महत्त्वाचा टप्पा, आणि हाच सगळे गाळतात. बाळाला कापडावर कुशीवर किंवा उताणं ठेवा, एक तळहात डोक्याला टोपीसारखा, दुसरा पायांना किंवा ढुंगणाला, दोन्ही हातांनी बाळ हलकेच गोळा करून धरा, पोटात होतं तसं. चोळायचं नाही, थोपटायचं नाही, हलवायचं नाही. एक मिनिट, दोन मिनिटं. या वेळात बाळाकडे बघा, ते काय म्हणतंय ते वाचा.

*तयार आहे:* चेहरा सैल, श्वास एकसारखा, हात तोंडाकडे, डोळे उघडे आणि शांत.

*नको म्हणतंय:* बोटं पंख्यासारखी फाकवणं, तळहात समोर धरणं, पाठ ताणून कमान करणं, एकामागोमाग जांभया, उचक्या, शिंका, नजर फिरवणं, ओठाभोवती रंग फिका किंवा कातडी चट्ट्याचट्ट्याची होणं.

उचकी आली की आजी म्हणते आतडं वाढतंय. वाढत असेल बापडं, पण मालिशच्या मधे उचकी आली तर मी ती बाळाची "पुरे" म्हणायची पद्धत समजते. हात स्थिर ठेवा, अर्धा मिनिट थांबा, शांत झालं तर पुढे, नाहीतर दुपट्यात गुंडाळून परत छातीशी.

थांबा: बाळ निळसर झालं, श्वास थांबल्यासारखा वाटला तर तळपायाला टिचकी मारा, पाठीवर हात चोळा आणि लगेच दवाखाना. अशा बाळाला "झोपलं असेल" म्हणून सोडायचं नाही.

## ४. पालथं, पहिली पाच मिनिटं

बाळ पालथं, मान एका बाजूला, नाक-तोंड पूर्ण मोकळं. पालथं फक्त मालिशपुरतं आणि तुमची नजर असेपर्यंत, झोपवताना कायम उताणं. कापडावर पालथं रडत असेल तर तुम्ही मागे टेकून बसा आणि बाळ छातीवर पालथं ठेवून करा, तेवढंच चालतं.

दाब किती हा प्रश्न रोज येतो. पोळ्यांची कणीक तिंबून झाली की शेवटी गोळ्यावर तेलाचा हात फिरवतो ना, तो दाब. तिंबायचं नाही. हात फिरताना खालची कातडी किंचित दबते, रंग क्षणभर फिका होऊन परत गुलाबी होतो, खड्डा राहत नाही. आणि उलट बाजूची चूकही सांगते, कारण नवीन आयांकडून हीच होते. भीतीने बोटांची टोकं पिसासारखी फिरवतात. त्याने गुदगुल्या होतात, बाळ आक्रसतं, आणि वजनाचा फायदाही मध्यम दाबातच दिसलाय. मध्यम दाबाने कातडीखालच्या ज्या संवेदना जाग्या होतात त्या व्हेगस नावाच्या नसेमार्फत पोटाची अन्न जिरवणारी हालचाल वाढवतात, आणि वाढीची इन्सुलिनसारखी रसायनं वाढतात असं अभ्यासात दिसलंय. पिसाच्या हाताने हे होत नाही.

बोटांची टोकं नाही, बोटांचे सपाट पेर वापरा. एक फेरी जाऊन-येऊन पाच सेकंद, मनात हळू पाच अंक. एका भागाला बारा फेऱ्या, म्हणजे एक मिनिट. क्रम हाच ठेवा:

1. डोक्याच्या वरपासून मानेपर्यंत आणि परत. टाळूवर दाब नाही.
2. मानेच्या मध्यापासून दोन्ही खांद्यांपर्यंत आणि परत.
3. पाठीच्या वरच्या भागापासून कमरेपर्यंत आणि परत. मणक्यावर नाही, त्याच्या दोन्ही बाजूंनी.
4. मांडीपासून पावलापर्यंत आणि परत, दोन्ही पाय एकदम.
5. खांद्यापासून हातापर्यंत आणि परत, दोन्ही हात एकदम.

एक हात कायम बाळावर. तेल घ्यायला दोन्ही हात उचलले की बाळ दचकतं, बघा करून. जो भाग चालू नाही तो दुपट्याने झाकलेला, म्हणजे पाय करताना पाठ झाकलेली.

पहिल्या दिवशी एवढं पुरे. खरंच. पाच मिनिटं, दिवसातून एकदा, आणि बाळाला दोन-तीन दिवस जमलं तर मग पुढचा टप्पा जोडा. मालिश आवडतेय म्हणून पहिल्याच दिवशी पाऊण तास करणाऱ्या आया मी बघितल्यात, दुसऱ्या दिवशी बाळ एवढं थकलेलं की दूध ओढत नव्हतं.

## ५. उताणं, हातपाय वाकवणं

हाडांबद्दल डॉक्टरांनी हिरवा कंदील दिला असेल तरच. बाळ उताणं. एक हात मनगटाच्या वर आणि कोपराच्या जवळ धरून कोपरात हळू वाकवा, हळू सरळ करा. सगळी हालचाल दहा सेकंदांची, अशा सहा, म्हणजे एक मिनिट. मग दुसरा हात. मग एक पाय, गुडघा पोटाकडे आणि परत सरळ. मग दुसरा पाय. शेवटी दोन्ही पाय एकत्र. पाच मिनिटं झाली.

सरळ म्हणजे जेवढं सहज होतं तेवढं. कमी दिवसांच्या बाळाचे हातपाय कधी सैल तर कधी दुमडलेले असतात, ओढून पूर्ण ताणायचे नाहीत. सांध्यात आवाज आला, बाळ किंचाळलं किंवा एक हात दुसऱ्यापेक्षा कमी हलवतंय असं वाटलं तर थांबा आणि दाखवा.

आपल्याकडे उजवा हात डाव्या पायाला लावतात, दोन्ही पाय डोक्याला टेकवतात, पायाला धरून उलटं लोंबकळवतात, ते सगळं या बाळाला वर्ज्य.

## ६. परत पालथं, आणि आवरतं घेणं

राहिलेली पाच मिनिटं चौथा टप्पा तसाच परत. एकूण १५ मिनिटं. हे दिवसातून तीनदा हे आदर्श, पण घरी दोनदा नीट झालं तरी मी खूश असते. घरात काम, बाळाला दोन तासांनी दूध, पंपिंग, बाटली-वाटी उकळणं, त्यात तीनदा जमत नाही म्हणून अपराधी वाटून घेऊ नका.

झालं की जास्तीचं तेल मऊ कापडाने टिपा, चोळून पुसू नका. बगल, मान, जांघेच्या घड्या कोरड्या करा. लगेच कपडे, टोपी, आणि दुपट्यात गुंडाळून दूध किंवा परत छातीशी.

तपासा: मालिशनंतर अर्ध्या तासाने तळपाय कोमट हवेत आणि पुढचं दूध नेहमीएवढं जायला हवं. दूध कमी गेलं तर उद्या वेळ निम्मी करा.

## आंघोळ, धुरी, गुटी आणि मावशी

मालिश झाली की लगेच आंघोळ हे डोक्यातून काढा. बाळ दोन ते अडीच किलोचं होऊन डॉक्टर हो म्हणेपर्यंत कोमट पाण्याने कापड ओलं करून एकेक भाग पुसायचा, तोही रोज नाही. बेसन, मसूर पीठ, हळद-साय नको, कातडी कागदासारखी असते. कान-नाकात तेल नको. बेंबीत तेल नको. धुरी तर नकोच, या बाळाची फुप्फुसं आधीच नाजूक असतात, शेगडीचा धूर त्यांना झेपत नाही. वेखंड-पावडरही नको. छातीतून "दूध काढणं" म्हणून बाळाची स्तनाग्रं दाबतात, त्याने पू होतो, मी स्वतः बघितलाय. गुटी-मध-घुट्टी नाही, फक्त आईचं दूध आणि डॉक्टरांनी दिलेलं लोह, व्हिटॅमिन डी वगैरे.

आता मावशींचं काय. सोसायटीतल्या सगळ्या बाळांना त्याच न्हाऊ घालतात, घरचे मोठे त्यांनाच बोलावतात, आणि त्यांच्यासमोर नवी सून काय बोलणार. माझा अनुभव असा की मावशींना बाहेर काढण्यापेक्षा त्यांना काम द्या, आईचे पाय-कंबर चोळायला. बाळाला मालिश शिकलेल्या घरच्यांनीच हात लावायचा.

एकदा एका आजींशी माझं असं झालं. मी दाखवतेय आणि त्या मधेच,

"अहो सिस्टर, एवढ्याने काय होतंय? हाडं कशी भरतील पोराची?"

"आजी, हाडं दुधाने आणि थेंबांनी भरतात. तुमच्या हाताने त्याला झोप लागते."

"आणि डोकं? डोकं गोल नको करायला?"

"डोकं नाही दाबायचं आजी. ते आपोआप होईल. तुम्ही हात इथे ठेवा, नुसता ठेवा. बघा, शांत झालं का नाही?"

आजींनी हात ठेवला, बाळाने डोळे मिटले, आणि त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "आमच्या वेळी असं कुणी सांगितलं नाही गं." पुढचे दहा दिवस त्या घरात सगळ्यात चोख मालिश त्यांचीच होती. घड्याळ लावून.

## ७. वजन मोजणं आणि वही

मालिशचा फायदा होतोय का हे डोळ्यांनी कळत नाही, "अंग भरलंय" म्हणणारे शेजारी कामाचे नाहीत. काटा लागतो.

एकच काटा, एकच वेळ, बाळ पूर्ण उघडं, दूध पाजण्याआधी. डायपरसकट मोजलं तर ओला डायपर तुम्हाला खोटं सुख देतो. घरच्या काट्यावर रोज मोजू नका, शू-शी आणि दुधाने सहज वीस-तीस ग्रॅमचा फरक येतो आणि आई रोज उगाच घाबरते. आठवड्यातून दोनदा पुरे, तेही ठरलेल्याच वारी. घरी काटा नसेल तर आशाताईंकडे असतो, त्या घरभेटीला येतात तेव्हा मोजून घ्या. दोन वेगळ्या काट्यांची तुलना करू नका.

किती वाढायला हवं? वाढीच्या दिवसांत किलोमागे रोज १५ ते २० ग्रॅम. १६५० ग्रॅमच्या बाळाला रोज २५ ते ३३ ग्रॅम, आठवड्याला पावणेदोनशे ते दोनशे तीस. मूळ तारीख जवळ आली, बाळ अडीच किलोकडे गेलं की मग रोज २० ते ३० ग्रॅमचा हिशोब धरतात. जन्मानंतरच्या पहिल्या आठवड्यात वजन उतरतंच, ते परत यायला दहा ते चौदा दिवस लागतात, तेव्हा तो काळ मोजणीत धरू नका.

फक्त वजन नाही, दर आठवड्याला डोक्याचा घेर आणि लांबीही डॉक्टरांकडून लिहून घ्या. वजन वाढतंय पण लांबी आणि डोकं नाही, किंवा डोकं एकदम भराभर वाढतंय, दोन्ही दाखवायच्या गोष्टी.

वय मोजताना चुकतात लोक. ३२ आठवड्यांत जन्मलेलं बाळ आठ आठवडे आधी आलंय, म्हणून ते बारा आठवड्यांचं झालं तरी त्याचं सुधारित वय चारच आठवडे. जाऊबाईंच्या पूर्ण दिवसांच्या बाळाशी त्याची तुलना त्याच हिशोबाने करा, आणि खरं म्हणजे करूच नका.

वहीत पाच रकाने: तारीख, मालिश किती वाजता आणि किती मिनिटं, बाळ कसं होतं, पुढचं दूध किती, वजन. ही वही फॉलोअपला आणा, डॉक्टरांचे दहा प्रश्न वाचतात.

थांबा: दोन आठवडे वजन हवं तसं वाढत नसेल तर मालिश वाढवू नका, दूध तपासून घ्या. पूर्ण दुधावर असलेल्या बाळाला दिवसाला किलोमागे साधारण १५० ते १८० मिली लागतं, आणि छातीला लावलं तरी दमून अर्ध्यातच झोपतं म्हणून पोटात किती गेलं हे कळत नाही. पिळून काढलेलं दूध वाटी-चमच्याने किंवा पालाड्याने (चोच असलेल्या छोट्या वाटीने) मोजून पाजा. मालिशने दूध तयार होत नाही, मालिशने असलेलं दूध अंगी लागायला मदत होते.

जाता जाता एक, कारण मालिशच्या नादात विसरतं. ३४ आठवड्यांच्या आत जन्मलेल्या किंवा दोन किलोपेक्षा कमी वजनाच्या बाळाच्या डोळ्यांचा पडदा जन्मापासून महिन्याच्या आत तपासायचा असतो, फार लवकर आलेल्यांचा त्याहीआधी. ती तारीख वहीच्या पहिल्या पानावर लाल पेनाने.

## कधी सरळ हॉस्पिटल

श्वास मिनिटाला ६० पेक्षा जास्त, बरगड्यांखाली खड्डा पडतोय, कण्हतंय. दूध सलग दोन वेळा घेत नाही. छातीशी घेऊनही अंग गार, किंवा काखेत ३७.५ च्या वर. हातपाय, ओठ निळसर. पोट फुगलेलं आणि कडक, हिरवी उलटी, शीतून रक्त. तळपायापर्यंत पिवळेपणा. सुस्त, उठवलं तरी उठत नाही. झटके.

यात आधी तेल-हळद, लसूण-ओव्याची पुरचुंडी, ओवाळणं असलं काही नाही. १०८ ला फोन, आणि गाडी येईपर्यंत बाळ टोपीसकट कुणाच्या तरी छातीशी. अॅम्ब्युलन्समध्येही तसंच न्या.

## बंद कधी करायची

बंद करायची तारीख नसते. वजन तीन किलोच्या पुढे गेलं, बाळ तुमच्याकडे बघून हसायला लागलं की ते स्वतःच क्रम मोडतं, पालथं ठेवलं की मान वर करून इकडेतिकडे बघतं, पाय वाकवायला घेतले की लाथा मारतं. तेव्हा फेऱ्या मोजायचं सोडा. आंघोळ आणि मावशींबद्दलही मग डॉक्टरांना परत विचारा, बहुतेक वेळा तेव्हा हो मिळतं, आणि मावशींना पहिल्या दिवशी तुम्ही शेजारी बसून दाब दाखवा, कणकेच्या गोळ्याचा.